बाहुली

गेल्या पावसाळ्यात बाबांच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायचे ठरले. तपासणीसाठी त्यांना घेऊन पणजीला आलो. नर्सबाईंनी नाव लिहून घेतले, बीपी मोजले, डोळ्यात थेंब घातले आणि म्हणाल्या, "डोळे मिटून बसा. बाहुली मोठी झाली की डॉक्टर बघतील."

आम्ही बाकावर बसलो. शेजारी घाऱ्या डोळ्यांच्या एक आजी होत्या. त्यांना आमच्यानंतर थेंब घातले होते, तरी वीस मिनिटांत त्यांचा नंबर लागला. बाबांच्या डोळ्यात मात्र दुसऱ्यांदा थेंब घातले, मग तिसऱ्यांदा. बाबा वैतागले. चाळीस वर्षे सत्तरीत मराठी शाळामास्तर म्हणून काढलेला माणूस, रांगेत आपला नंबर हुकला की त्यांना वर्गातली शिस्त मोडल्यासारखे वाटते.

शेवटी आत बोलावले. डॉक्टरांनी डोळा बघितला आणि कागदावर लिहिता लिहिता प्रश्न विचारले. मधुमेह? रक्तदाब? रक्त पातळ होण्याची गोळी? आणि मग सहज विचारावे तसे, "लघवीच्या त्रासासाठी काही घेता?"

"नाही," बाबा म्हणाले.

मी त्यांच्या मागे उभा होतो. मला ठाऊक होते की बाबा गेली तीन वर्षे रोज रात्री जेवणानंतर एक गोळी घेतात. तिची पट्टी चष्म्याच्या जुन्या घरात असते, बाकीच्या औषधांच्या डब्यात नसते. डॉक्टरांनी हा प्रश्न का विचारला तेही मला ठाऊक होते. पण खोलीत नर्स होत्या, दोन शिकाऊ मुली होत्या, दाराशी पुढचे पेशंट होते. एवढ्या माणसांसमोर बापाला खोटे पाडायचा धीर मला झाला नाही. मी गप्प बसलो.

आता तुम्ही म्हणाल, मराठी घेऊन बी.ए. झालेल्या कारकुनाला डॉक्टरांच्या प्रश्नामागचे कारण कसे ठाऊक? तर ते मला एका सशाने शिकवले. ती गोष्ट सांगतो.

२००६ साली माझी बदली एका सरकारी कॉलेजच्या ऑफिसात झाली. तिथे औषधशास्त्राचा विभाग होता. मी नवाच एल.डी.सी. पहिल्याच आठवड्यात माझ्या टेबलावर एक फाईल आली : "ससे, नग ४." दरपत्रके मागवणे, तुलनात्मक तक्ता करणे, टिपणी वर पाठवणे, हे सगळे खडू-डस्टरसारखेच. अडचण पुढे आली. ससे नोंदवायचे कुठल्या रजिस्टरात? खाण्यापिण्याने संपणारी वस्तू नव्हे, म्हणून कन्झ्युमेबलमध्ये जात नाहीत. आणि डेड स्टॉक रजिस्टरात जिवंत सशाचे नाव लिहायला माझा हात धजेना. हेडक्लार्कना विचारले तर ते म्हणाले, "लिही रे, आज ना उद्या बरोबर होईल." हा विनोद ऑफिसात बरेच दिवस चालला. मी हसलो, पण तो मनातून गेला नाही.

सशांची आणखी एक फाईल असे. प्राण्यांवर क्रूरता करण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा, त्याखाली प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्रीय समिती, १९९८ चे नियम, संस्थेची स्वतःची नीतिसमिती. सशाला पिंजरा किती मोठा, कोणत्या प्रयोगाला किती ससे, हे सारे कागदावर हवे. एकदा अशाच एका कागदावर सही घ्यायला मी प्रयोगशाळेत गेलो, तेव्हा प्रात्यक्षिक चालू होते. विभागाचे सर म्हणाले, "थांबा पाच मिनिटं. आलाच आहात तर बघा."

एका लाकडी पेटीत पांढरा ससा बसवला होता. फक्त मान बाहेर. पापण्यांचे केस कात्रीने बारीक केलेले. एका मुलीने त्याची खालची पापणी अलगद ओढून खळगा केला आणि त्यात औषधाचे थेंब सोडले. दुसऱ्या डोळ्यात नुसते मिठाचे पाणी, तुलनेसाठी. मग सगळे घड्याळाकडे बघत बसले. सरांची सक्त ताकीद होती, आवाज करायचा नाही. ससा घाबरला तर त्याच्याच अंगातल्या रसाने बाहुली मोठी होईल आणि औषधाने काय केले ते कळणार नाही. वीस मुले-मुली एका सशाला भीती वाटू नये म्हणून श्वास धरून उभी होती.

दर दहा मिनिटांनी एक मुलगा मिलिमीटरची पट्टी डोळ्याशेजारी धरून बाहुली मोजत होता. ती खरेच वाढत होती. मग सरांनी विजेरीचा झोत टाकला. एवढी पसरलेली बाहुली प्रकाश पडताच थोडी आकसली. सर म्हणाले, "हे लक्षात ठेवा. हे इफेड्रिन आहे. आता या दुसऱ्या पेटीतल्या सशाला अ‍ॅट्रोपिन घातलं आहे." त्याचीही बाहुली मोठी होती, पण तिच्यावर झोत टाकला तर ती हललीच नाही. दोन्ही बाहुल्या मोठ्या, पण एक प्रकाशाला ओ देते, दुसरी देत नाही. असे का?

माझा चेहरा बघून सरांनी मला कळेल असे सांगितले. "आजीचा बटवा आठवा. तोंडाशी नाडी असते, ओढली की बटवा मिटतो. बाहुलीच्या कडेने तसाच एक गोल स्नायू आहे, तो आवळला की बाहुली लहान होते. आणि छत्रीच्या काड्या आठवा. मधून कडेकडे जाणारे दुसरे स्नायू आहेत, ते ओढले गेले की बाहुली उघडते. अ‍ॅट्रोपिन नाडी सैल सोडतं. मग प्रकाश पडला तरी ओढायला नाडीच नाही. इफेड्रिन नाडीला हात लावत नाही, ते काड्या ओढायला लावतं. म्हणून प्रकाशात नाडी आपलं काम करते." नाडी ओढणारी मज्जाव्यवस्था वेगळी, काड्या ओढणारी वेगळी. त्या दुसरीचा निरोप घेऊन जाणारे द्रव्य म्हणजे नॉरअ‍ॅड्रेनालिन, आणि त्याच कुळातल्या किंवा त्याच्यासारखे काम करणाऱ्या औषधांना अ‍ॅड्रेनर्जिक म्हणतात.

मी सही घेऊन टेबलावर आलो, पण डोक्यात तो ससा बसला होता. पुढे अधूनमधून सरांकडे जाऊन बसायचो. ते पुस्तके द्यायचे, मी इंग्रजी शब्दकोश शेजारी ठेवून वाचायचो. कळले तेवढे कळले. पण एक गोष्ट लक्षात आली, या बाहुलीमागे पावणेतीनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो जवळजवळ सगळा मुक्या जनावरांच्या डोळ्यांत लिहिलेला आहे.

१७२७ साली पूरफूर द्यू पेती या फ्रेंच वैद्याने कुत्र्यांच्या मानेतली एक नस कापली आणि त्या बाजूची बाहुली बारीक झालेली पाहिली. नस मानेत कापली आणि फरक डोळ्यात पडला! ही नस मेंदूतून खाली उतरते असे तोवर मानले जाई. त्याने दाखवले की निरोप खालून वर डोळ्याकडे जातो. सव्वाशे वर्षांनी क्लोद बर्नारने सशाची तीच नस कापली, तर त्या बाजूचा कान गरम झाला. मग १८९९ च्या सुमारास बर्लिनमध्ये लेवांडोव्स्कीने मूत्रपिंडावरच्या छोट्या ग्रंथीचा अर्क मांजरात टोचला. मांजराची बाहुली विस्फारली, डोळ्याच्या कोपऱ्यातली तिसरी पापणी मागे सरकली. नस चेतवल्यावर जे होते तेच नुसत्या अर्काने झाले. १९०१ साली केंब्रिजमध्ये लँगलीने हेच साम्य शरीरभर तपासून दाखवले. त्याच वर्षी जोकिची ताकामिने या जपानी रसायनतज्ज्ञाने अमेरिकेत त्या अर्कातले मूळ द्रव्य स्फटिकरूपात वेगळे केल्याचे जाहीर केले. तेच अ‍ॅड्रेनालिन.

मग १९०४ साल. लँगलीचा तरुण विद्यार्थी एलियट याने बाहुली उघडणाऱ्या स्नायूची नस पूर्ण तोडली आणि वाट पाहिली. कधी तीन दिवस, कधी चक्क दहा महिने. तोपर्यंत नसेचे टोक मरून गेलेले असते. तरी अ‍ॅड्रेनालिन दिल्यावर स्नायू हलला, तोही धडधाकट डोळ्यापेक्षा लवकर आणि जास्त वेळ. म्हणजे हे द्रव्य नसेवर नव्हे, थेट स्नायूवर काम करते. त्यावरून त्याने एक धाडसी तर्क मांडला की नसेच्या टोकाशी निरोप पोचला की तिथे कदाचित असेच द्रव्य सुटत असेल. त्याचा तर्क दिशेने बरोबर होता. ते द्रव्य अ‍ॅड्रेनालिन नसून त्याचा सख्खा भाऊ नॉरअ‍ॅड्रेनालिन आहे, हे १९४६ साली उल्फ फॉन ऑयलरने दाखवले. त्याला १९७० चे नोबेल मिळाले.

त्याच १९०४ साली न्यूयॉर्कमध्ये मेल्ट्झर नावाचे वैद्य आणि त्यांची मुलगी क्लारा सशांच्या डोळ्यांवर काम करत होते. धडधाकट सशाच्या डोळ्यात अ‍ॅड्रेनालिनचे थेंब घातले तर बाहुलीला विशेष काही होत नसे. पण त्या बाजूची मानेतली मज्जागाठ काढून टाकली आणि मग तेच थेंब घातले, तर बाहुली भरपूर मोठी होऊन बराच वेळ तशीच राही. आज याचे कारण सांगता येते. नसेची टोके शाबूत असतात तेव्हा आलेले द्रव्य ती बरेचसे शोषून घेतात. टोके नाहीशी झाली की सगळे स्नायूच्या वाट्याला येते, शिवाय स्नायूही आधीपेक्षा हळवा झालेला असतो.

हे वाचले तेव्हा आई जाऊन वर्ष झाले होते. बाबा घरात फारसे बोलत नसत. पण कोणी "जेवलात का?" एवढे विचारले तरी त्यांचे डोळे भरून यायचे. पूर्वी असल्या प्रश्नाला त्यांनी मानही वर केली नसती. स्नायूचे आणि माणसाचे एकच असते असे मी म्हणत नाही. पण वाचता वाचता बाबा आठवले, एवढे खरे.

तर, बाहुली. १९०५ साली एर्मान याने बेडकाचा काढलेला डोळाच मोजमापाचे साधन केला. द्रवात डोळा ठेवायचा, बाहुली किती पसरते ते बघायचे, त्यावरून द्रवात अ‍ॅड्रेनालिन किती ते ठरवायचे. आणि १९४८ साली अमेरिकेत रेमंड अ‍ॅल्क्विस्ट याने कोडे सोडवले की एकच द्रव्य एका ठिकाणी आवळते आणि दुसऱ्या ठिकाणी सैल का सोडते. कुलपे दोन प्रकारची आहेत, अल्फा आणि बीटा. रक्तवाहिन्या आवळणे, मांजराची तिसरी पापणी मागे ओढणे, बाहुली उघडणे, ही कामे अल्फा कुलपाची. एका मोठ्या औषधशास्त्रीय नियतकालिकाने त्याचा लेख परत पाठवला होता. शेवटी तो दुसरीकडे छापून आला आणि जेम्स ब्लॅक यांनी पुढे त्याच्याच आधाराने बीटा कुलूप अडवणारी हृदयाची औषधे शोधली. ऑफिसात शेरा मारून परत आलेली फाईल दिसली की मला हा लेख आठवतो.

मात्र सर एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावत, "ससा म्हणजे माणूस नव्हे." क्लोनिडिन नावाचे औषध उंदरा-मांजराला दिले तर ते मेंदूत जाऊन नाडी आवळणारा निरोपच दाबते, म्हणून बाहुली मोठी होते. त्याच गटातले ब्रिमोनिडिन माणसाच्या डोळ्यात घातले तर अंधारातली बाहुली उलट लहान राहते. फार कशाला, माणसामाणसांतही फरक. १९२९ साली चेन आणि पोथ या संशोधकांनी इफेड्रिन, कोकेन वगैरेंचे थेंब वेगवेगळ्या वंशांच्या लोकांच्या डोळ्यांत घालून पाहिले. गोऱ्यांच्या बाहुल्या सर्वांत जास्त पसरल्या, चिनी लोकांच्या त्याहून कमी, काळ्या लोकांच्या सर्वांत कमी. बुबुळातले काळे रंगद्रव्य औषध धरून ठेवते, त्यामुळे स्नायूपर्यंत ते कमी आणि उशिरा पोचते. प्रयोगशाळेतला पांढरा ससा लाल डोळ्यांचा, रंगद्रव्य नसलेला. त्याच्यावर जे झटपट घडते ते काळ्याभोर डोळ्यांच्या सशात तसेच घडेल असे नाही. पणजीच्या त्या बाकावर घाऱ्या आजींचा नंबर आधी लागला आणि बाबांना तीनदा थेंब घालावे लागले, त्याचे एक कारण हे असणार. त्या बाटलीत बहुतेक दोन औषधे एकत्र असतात, एक नाडी सैल करणारे आणि एक काड्या ओढणारे.

आणि आता गोळीबद्दल. २००६ मध्येच सर एकदा वर्गातून तावातावाने आले. आदल्या वर्षी, २००५ साली, चँग आणि कँपबेल या अमेरिकन नेत्रतज्ज्ञांनी लिहिलेला लेख त्यांच्या हातात होता. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत काही रुग्णांची बाहुली ऐन वेळी आकसते, बुबुळाचा पडदा पाण्यात ओले फडके लोंबावे तसा हेलकावतो, जखमेतून बाहेर येऊ बघतो. त्यांनी शोधले तर यातले बरेचसे पुरुष प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन घेणारे निघाले. मूत्राशयाच्या तोंडाशी अल्फा-१ कुलूप असते, ते अडवले की लघवीला वाट मोकळी होते. पण नेमके तेच कुलूप बाहुली उघडणाऱ्या काड्यांवरही असते. औषध खाली द्यायचे आणि परिणाम वर डोळ्यात! द्यू पेतीच्या कुत्र्यांची आठवण झाली. सर म्हणाले, "सशाच्या बुबुळात हे कुलूप मुख्यतः अल्फा-१ए जातीचं आहे हे आधीच माहीत होतं. पण डोळ्याचा आणि प्रोस्टेटचा डॉक्टर एका टेबलावर बसत नाहीत ना!"

तर पणजीहून परतताना कदंबाच्या बसमध्ये हे सगळे माझ्या डोक्यात फिरत होते. ऑपरेशनला आठ दिवस होते. घरी आल्यावर बाबांना म्हटले, "ती रात्रीची गोळी डॉक्टरांना सांगायला हवी."

बाबा एकदम कोकणीत म्हणाले, "तें कित्याक सांगूंक जाय तांकां? दोळ्यांचो दोतोर तो." आणि चष्म्याचे घर खिशात टाकून उठून गेले.

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. त्यांच्या पिढीच्या माणसाला हा त्रास म्हणजे लाज. मला तरी काय, मी डॉक्टरांसमोर गप्प बसलो तो सभ्यपणा म्हणून, पण खरे तर तीही लाजच होती. तिसऱ्या रात्री मी त्यांच्या खाटेवर बसलो आणि सशाची गोष्ट सांगितली. बटवा, नाडी, छत्रीच्या काड्या, कुलूप, सगळे सरांनी मला सांगितले तसे. शाळामास्तरच ते, शिकवलेले शांतपणे ऐकून घेतले. शेवटी एवढेच विचारले, "मग त्या सशाचं काय झालं?"

"प्रात्यक्षिक संपल्यावर पिंजऱ्यात परत ठेवला. गाजर दिलं."

"आणि नंतर?"

नंतर पुन्हा प्रात्यक्षिक. पुन्हा पेटी, पुन्हा थेंब, पुन्हा पट्टी. दोन वर्षांनी माझी बदली झाली तेव्हा तो पिंजऱ्यात नव्हता, आणि रजिस्टरात त्याच्या नावापुढे माझ्याच अक्षरात निर्लेखनाची नोंद होती. हेडक्लार्क म्हणाले होते तसे बरोबर झाले होते. मी बाबांना तेही सांगितले.

सकाळी चष्म्याचे घर माझ्या टेबलावर होते. मी त्यातली पट्टी घेऊन डॉक्टरांकडे गेलो. ते रागावले नाहीत. म्हणाले, "बरं झालं आणलंत. आता बंद करून फारसा उपयोग नसतो, परिणाम बराच काळ राहतो. पण आधी कळलं की आम्ही तयारीत राहतो." ऑपरेशनच्या दिवशी बाबांची बाहुली मध्येच आकसायला लागली होती, असे त्यांनी नंतर सांगितले. त्यांनी डोळ्याच्या आतच फिनाइलेफ्रिन सोडले, तेच काड्या ओढणारे अ‍ॅड्रेनर्जिक औषध, आणि काम निभावले.

आज त्या पेट्या राहिलेल्या नाहीत. २०१४ नंतर आपल्याकडे फार्मसी आणि मेडिकलच्या विद्यार्थ्यांना असले प्रयोग संगणकावरच दाखवायचे असे नियम झाले. पाँडिचेरीच्या जिपमरमधले डॉ. रवींद्रन यांनी केलेल्या 'एक्सफार्म' या प्रणालीत सशाच्या डोळ्यावर बटण दाबून थेंब घालता येतात. बाहुली मोठी होते, झोत टाकता येतो, चुकले तर पुन्हा पहिल्यापासून. माझ्या ओळखीची एक मुलगी फार्मसी शिकते, तिने मला ते दाखवले. मला बरे वाटले. जे शंभर वर्षांपूर्वी कळून चुकले आहे, ते दरवर्षी नव्याने सशाकडून वदवून घ्यायचे काहीच कारण नव्हते. पण पहिल्यांदा ज्यांनी ते सांगितले ते कुत्रे, मांजरे, ससे आणि बेडूक होते, एवढे त्या बटणामागे आहे हे तिला सांगावेसे वाटले. सांगितलेही.

बाहुलीला बाहुली का म्हणतात? जवळून पाहिले तर त्यात आपलीच चिमुकली प्रतिमा दिसते म्हणून. लॅटिन लोकांनाही नेमके हेच सुचले होते, त्यांचाही शब्द छोट्या बाहुलीवरूनच आला आहे.

दुसऱ्या दिवशी पट्टी सोडल्यावर बाबांनी डोळा किलकिला केला. बाहुली अजून थोडी मोठीच होती. मी थेंब घालायला वाकलो. घरात थेंब घालायचे काम आता माझ्याकडे आहे. खालची पापणी अलगद ओढून खळगा करायचा, हे मी त्या मुलीकडून शिकलो होतो.

"हलू नका," म्हटले.

"तुझे केस पांढरे झाले की रे," बाबा म्हणाले. "दिसतच नव्हते इतके दिवस."